राणीची बाग उन्हाळ्यात बघा: कोणतं झाड कधी फुलतं

पानगळ

मुंबईकर राणीच्या बागेत जातो तो नाताळच्या सुट्टीत, नाहीतर महापालिकेचं पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा. मार्च उजाडला की 'आता ऊन फार' म्हणून बागेकडे पाठ फिरवतो. मला हे फार खटकतं, कारण या बागेचा खरा बहर नेमका तेव्हाच सुरू होतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत तिथली मोठी झाडं एकामागून एक फुलत जातात आणि बघायला माणूस नसतो. म्हणून हा धागा काढतोय. तुमच्या नोंदी, फोटो, प्रश्न सगळं इथे टाका. मुंबईबाहेरच्या बागांबद्दलही लिहा.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. तिथे पुढे १८६५ साली ख्रिस्ती दफनभूमी झाली. भायखळ्याची नवी बाग १८६२ मध्ये 'व्हिक्टोरिया गार्डन्स' या नावाने लोकांसाठी उघडली. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि क्षेत्र सुमारे ५३ एकर. प्राणी बऱ्याच वर्षांनी आले, पेंग्विन तर अगदी अलीकडे, २०१६ मध्ये. इथे मुळात झाडं लावली गेली होती. ब्रह्मदेश, मादागास्कर, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा चारी दिशांची झाडं आपल्या वड-पिंपळांच्या शेजारी उभी आहेत, आणि इतक्या पिढ्या मुंबईचा पाऊस खाऊन ती आता इथलीच झाली आहेत.

आता हंगाम.

थंडी ओसरता ओसरता पहिला मान उर्वशीचा. झाड ब्रह्मदेशातलं. हातभर लांब देठाला लाल फुलं खाली लोंबतात, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. फुलं बघून लगेच पुढे जाऊ नका, पालवी बघा. नवी पानं कोवळेपणी जीवच नसल्यासारखी खाली लटकतात. रंग तांबूस-तपकिरी. काही दिवसांनी ती हिरवी होत ताठ होतात. सीता अशोकाची पालवी अशीच लोंबते, ब्राउनियाची तशीच. तिन्ही झाडं एकाच कुळातली. कोवळ्या पानावर कडक ऊन सरळ पडू नये म्हणून हा बंदोबस्त, असं वनस्पतीशास्त्राचे लोक सांगतात.

सीता अशोक फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. केशरी गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर येतात, त्यामुळे खालून वर बघावं लागतं. याच सुमारास काटेसावर पूर्ण निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरते. सकाळी लवकर गेलात तर तिच्यावर मैना, बुलबुल, कावळे, खारी सगळ्यांची झुंबड दिसेल. फुलाच्या वाटीत मध असतो, त्यासाठी ही गर्दी. जंगली बदाम याच दिवसांत फुलतो आणि त्याचा वास मात्र सहन होत नाही. तो वास माश्यांसाठी असतो, परागीभवन त्याच करतात.

एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण, गुलमोहर. ताम्हण हे आपलं राज्यफूल आणि ते बरोबर महाराष्ट्र दिनाच्या आसपास भरात असतं. पर्जन्यवृक्षांवर गुलाबी पिसांसारखी फुलं येतात, पण झाडं इतकी उंच की फुलं आहेत हे बऱ्याचदा खाली पडलेल्या तंतूंवरूनच कळतं.

कैलासपती बाराही महिने थोडाफार फुलतच असतो, म्हणून तो इथे वेगळा सांगतो. दक्षिण अमेरिकेचं झाड. फुलं फांदीच्या टोकाला न येता बुंध्यातून फुटणाऱ्या दोरांसारख्या डहाळ्यांवर येतात. फुलात मध नसतोच. मधोमध पुंकेसरांचं एक कडं आणि त्यावर फण्यासारखं वाकलेलं दुसऱ्या पुंकेसरांचं छत. छतातले पराग भुंग्यांच्या, मधमाश्यांच्या पोटापाण्यासाठी, आणि कड्यातले पराग पाठीला लागून पुढच्या फुलावर जाण्यासाठी. एकाच फुलात खाऊचे पराग वेगळे आणि कामाचे वेगळे. मला या बागेतलं सर्वात विलक्षण फूल हेच वाटतं. त्याखाली निवांत दहा मिनिटं उभं राहा. फक्त वर तोफगोळ्याएवढं फळ नाही ना, एवढं बघून घ्या.

मोगरेवाली

पानगळ, फार छान सुरुवात. ठाण्यातल्या गॅलरीत कुंड्या आहेत माझ्या, मोठ्या झाडांचं मला फारसं कळत नाही. पण उन्हाळ्याच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. मोगऱ्याचंच बघा. जानेवारीअखेर पाणी कमी करून, पानं काढून छाटणी करायची, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मार्चपासून फुलं. आमची आजी वसईला हेच करायची आणि याला 'मोगऱ्याला ताण देणं' म्हणायची.

एक प्रश्न. काटेसावर, पळस, पांगारा यांची पानं आधी का गळतात? ऐन उन्हात पानं टाकून फुलं काढायला झाडाला ताकद कुठून येते?

पानगळ

मोगरेवाली, तुमच्या आजीच्या ताणातच निम्मं उत्तर आहे.

झाडाचं पाणी मुख्यतः पानांतून उडून जातं. जमिनीतलं पाणी खाली गेलं की पानं गळतात आणि तो खर्च थांबतो. मुळं खोल असतात, ती थोडं थोडं पाणी ओढतच राहतात. खर्च थांबल्यामुळे ते खोडात आणि फांद्यांत साठतं. हे पाणी मिळालं की आधीपासून तयार बसलेल्या कळ्या फुगतात आणि उमलतात. शिवाय फेब्रुवारीपासून दिवस मोठा होत जातो, त्याचाही काही झाडांना इशारा मिळतो.

फायदा दुहेरी आहे. पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांना आणि माश्यांना वाट मोकळी. आणि आता फुललेल्या सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात, कापूस वाऱ्यावर उडतो, बी जमिनीवर पडतं आणि तेवढ्यात पाऊस येतो. पावसाळ्यात फुलून दिवाळीत बी टाकलं असतं तर त्या रोपाला पुढे आठ महिने कोरडे काढावे लागले असते.

मुळाकाठ

पुण्याहून लिहितोय. माहिती उत्तम आहे, पण हिवाळ्यावर अन्याय होतोय.

आमच्याकडे एम्प्रेस गार्डन आहे. तुम्ही उल्लेख केलेल्या त्याच संस्थेची, आणि आजही तीच चालवते. ३९ एकर. तिथलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन, प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे, बघायला अख्खं पुणे लोटतं. तुम्ही ते 'माणसांचं वेळापत्रक' म्हणून बाजूला टाकाल, पण त्यामागची मेहनत बघा. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, साल्व्हिया यांचं बी पाऊस ओसरताना गादीवाफ्यावर पेरायचं, रोपं दोनदा हलवायची, पहिला शेंडा खुडायचा, म्हणजे झाड पसरतं. शेवंतीची कलमं तर त्याच्याही आधी, पावसातच लावलेली असतात. दिवस लहान झाल्याशिवाय शेवंतीला कळी धरत नाही, हे माळ्याला पक्कं ठाऊक असतं. हे सगळं २६ जानेवारीला बरोबर फुलवून दाखवणं साधं काम नाही. माळीकाम शिकायचं असेल तर मी तरी हिवाळाच सांगेन.

आणि हिवाळ्यातही झाडं फुलतात हो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला बूच विसरलात? रात्री स्कूटरवरून जाताना रस्ताभर वास येतो आणि सकाळी खाली पांढरा सडा.

पानगळ

मुळाकाठ, शेवंतीचा मुद्दा एकदम मान्य, आणि बूच वरच्या यादीत घालायलाच हवा. सातवीणही घालू, तोही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. राणीच्या बागेत त्या सुमारास कोलव्हिल फुलतो. मादागास्करचा, पानं थेट गुलमोहरासारखी, पण कळ्यांचे घोस द्राक्षांसारखे खाली लोंबतात आणि नारिंगी उमलतात. गुलमोहर समजून लोक पुढे जातात.

तरी माझं म्हणणं कायम आहे. वाफ्यातली फुलं माळ्याने ठरवलेल्या दिवशी फुलतात. वनस्पती उद्यानात जी गोष्ट दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही, ती म्हणजे दीडशे वर्षांचं झाड स्वतःच्या हिशोबाने काय करतं ते. शाळेच्या सहली डिसेंबरात न नेता मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षांआधी न्याव्यात असं मला मनापासून वाटतं. मुलांना पानगळ आणि पालवी एकाच फेरीत दिसेल. पिंपळाची तांबूस पालवी, करंजाची चकचकीत पोपटी, कुठे कुसुम असेल तर त्याची लालभडक.

गिरणगावकर

आमचं बालपण या बागेच्या भिंतीलगत गेलं. दगडी हत्तीपाशी भेटायचं आणि आत जायचं, असा नेम होता. (तो हत्ती घारापुरी बेटावरून आणलेला, बागेलगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे.)

मला एका गोष्टीबद्दल कळकळीने लिहायचं आहे. झाडं बघता तेव्हा बुंध्याशीही बघा. शहरभर, बागांमधूनसुद्धा, पदपथ करताना फरशी आणि काँक्रीट खोडाला चिकटवून टाकतात. झाड लगेच मरत नाही, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण पाणी आत जात नाही, मुळांना हवा मिळत नाही, वर फांद्या वाळायला लागतात आणि चार-पाच वर्षांनी एका वादळात झाड आडवं होतं. मग 'जुनं झालं होतं' म्हणतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. हा एक मीटर प्रत्येक सोसायटीत पाळला गेला पाहिजे.

दुसरं म्हणजे पालापाचोळा. आमच्या सोसायटीत मार्चमध्ये तो रोज झाडून पेटवतात. ज्या झाडाने गाळला त्याच्या आळ्यात तो पसरला तर उन्हाळाभर ओल टिकते. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तर महिन्या-दोन महिन्यांत कुजून सुरेख खत होतं.

मोगरेवाली

गिरणगावकर काका, +१. आम्ही गच्चीवर जाळीचे पिंप ठेवून पाचोळ्याचं खत करतो. थर घालायचा, वर ताकाचं पाणी किंवा शेणकाला शिंपडायचा, थोडं दाबायचं. पावसाच्या आधी भरलं की दिवाळीपर्यंत काळंभोर खत तयार. कुंडीत कोरडा पाचोळा नुसता वर पसरला तरी एप्रिलमध्ये एक वेळचं पाणी वाचतं.

पर्जन्यवृक्षावरून आठवलं. मध्यंतरी मुंबईत ही झाडं उभीच्या उभी वाळली होती ना? पिठ्या ढेकणामुळे?

पानगळ

हो, पिठ्या ढेकणाचा मोठा प्रादुर्भाव झाला होता आणि रस्तोरस्ती जुने पर्जन्यवृक्ष गेले. आधीच काँक्रीटने घुसमटलेल्या झाडाला कीड लवकर लागते, म्हणजे काकांचाच मुद्दा. घरी जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच ढेकणांना फांदीवरून फांदीवर नेतात.

रंकाळा

कोल्हापूरकरांची हजेरी! उन्हाळा विरुद्ध हिवाळा हे भांडण वाचून मजा आली, पण आमच्याकडे पावसाळाच राजा.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच भागात सापडणाऱ्या वनस्पती जपल्या आहेत. त्यात सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पांचा संग्रह मोठा आहे. डॉ. एस. आर. यादव यांनी या वनस्पतींवर आयुष्यभर काम केलं. कंदीलपुष्पाचं वर्ष फक्त चार-पाच महिन्यांचं असतं. जूनमध्ये कंदातून कोंब वर येतो, जुलै ते सप्टेंबर फुलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेल वाळून नाहीशी. पुढे मेअखेरपर्यंत कुंडीत नुसती कोरडी माती. नवीन माणसाला वाटतं झाड मेलं, आणि तो दयेपोटी पाणी घालतो. तिथेच कंद कुजतो. अशा कुंडीला उन्हाळ्यात न शिवणं हेच तिचं संगोपन.

फूल तर काय सांगावं. कंदिलासारखी नळी, आत खाली वळलेले केस. बारीक माशी वासाने आत घुसते आणि केसांमुळे बाहेर येऊ शकत नाही. एखाद्या दिवसाने केस कोमेजतात, माशी अंगावर परागपुंज घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. यातल्या कित्येक जातींचे कंद, खरपुडी म्हणतात त्यांना, गुराखी उकरून खातात. त्यात चराई, वणवे, डोंगरफोड. म्हणून बागेत त्यांचं असणं महत्त्वाचं.

आणि शिवनेरीवरची शिंदळ माकुडी माहीत आहे ना? कड्याच्या कपारीत वाढणारी, जाड मांसल फांद्यांची, मरून रंगाच्या तारेसारख्या फुलांची. महाराष्ट्राबाहेर निसर्गात कुठेच नाही. पावसाळा संपता संपता फुलते आणि उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या कांड्यांवर जगते. फांदीचा तुकडा सहज जगतो, त्यामुळे बागांमधून तिची रोपं वाढवता आली.

पानगळ

रंकाळा, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोलाचा आहे. पावसाळ्यात राणीच्या बागेत काय, याचं उत्तर मीही देतो: गोरखचिंच. वसईच्या किल्ल्यातही तिची अजस्र झाडं आहेत. आफ्रिकेची. हिवाळ्यात पानं गाळते, पावसाच्या तोंडावर पालवते आणि जून-जुलैत लांब देठावर पांढरी मोठी फुलं उलटी लोंबतात. उमलतात संध्याकाळनंतर, येतात वटवाघळं, आणि दुसऱ्या दिवशी फुलं कोमेजून गळायला लागतात. आपल्याला रात्री बागेत जाता येत नाही, पण सकाळी खाली पडलेलं ताजं फूल उचलून त्यातला पुंकेसरांचा गोंडा बघता येतो. पाठोपाठ कदंब. त्याचा केशरी चेंडू म्हणजे एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा गोळा असतो.

टेम्सकाठ

लंडनहून. माहेर गिरगाव, त्यामुळे धागा वाचताना फार बरं वाटलं.

उर्वशीबद्दल एक गोष्ट इथली. हे झाड इंग्लंडात आणल्यावर सगळे बडे बागवाले ते फुलवायच्या मागे होते. शेवटी १८४९ मध्ये लंडनजवळच्या ईलिंगला मिसेस लॉरेन्स या बाईंच्या काचघरात ते पहिल्यांदा फुललं आणि पहिलं फूल व्हिक्टोरिया राणीला पाठवलं गेलं. कोळसा जाळून उबवलेल्या काचघरात एवढी वर्षं धडपड, आणि भायखळ्याला ते उघड्यावर फुलतं! भारतातल्या मंडळींनी याचा अभिमान बाळगावा.

मी इथल्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाची नियमित फेरी करते. इथे मार्च-एप्रिलमध्ये मॅग्नोलिया अगदी तुमच्या सावरीसारखा उघड्या फांद्यांवर फुलतो. कारण मात्र वेगळं. इथे कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते, तिला पुरेशी थंडी मिळावी लागते, आणि मग हवा उबदार झाली की ती उमलते. आपल्याकडे झाड कोरडेपणातून बाहेर पडतं, इथे थंडीतून. एप्रिलअखेर ओक-बीचच्या रानात जमिनीवर निळ्या ब्लूबेलचा गालिचा असतो. वर पानांचं छत दाटायच्या आत, उजेड आहे तोवर, ते आपलं वर्ष उरकून घेतात. रंकाळा यांच्या कंदीलपुष्पासारखेच, कंदात परत.

नवखा_माळी

मी दोन प्रश्न विचारतो. उर्वशीचं रोप घरी लावता येईल का? आणि बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, हे खरं आहे का?

पानगळ

उर्वशीला बी फार क्वचित धरतं, म्हणून रोपं बहुतेक गुटी कलमाने करतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल बोटभर रुंद काढायची, ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं, मुळं दिसली की खालून कापायचं. पण ही जात हट्टी आहे. मुळं धरायला वेळ लागतो आणि रोपाला दमट हवा, अर्धी सावली, उत्तम निचरा लागतो. कोकणात बंगल्याभोवती जागा असेल तर जरूर लावा. कुंडीत नको. सीता अशोक त्यापेक्षा कितीतरी सोपा, ताज्या बियांपासून सहज येतो. बी वाळवून ठेवू नका, पडलं की लगेच पेरा.

बहाव्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि जूनमध्ये पाऊस येतो, एवढं खरं. फुलण्याचा संबंध मागच्या काही आठवड्यांच्या उष्णतेशी आणि कोरडेपणाशी आहे. त्यावरून पावसाची तारीख काढू नका. त्यापेक्षा बहाव्याच्या झाडावर एक गंमत शोधा. गेल्या वर्षीच्या काळ्या लांब शेंगा आणि यंदाची पिवळी झुंबरं एकाच वेळी दिसतात, कारण शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागतं. कोवळ्या पानांवर भटक्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या असतात. त्या झटकू नका, झाड त्यांना पुरून उरतं.

मुळाकाठ

मी मार्चमध्ये मुंबईला येतोय. कट्टा करायचा का बागेतच? एम्प्रेसमधले आमचे दोघे-तिघे येतील.

पानगळ

जरूर! मार्चचा पहिला रविवार धरू. बुधवारी बाग बंद असते, रविवारी प्राण्यांकडे गर्दी असते, पण झाडांच्या बाजूला निवांत. सकाळी बाग उघडताच आत जाऊ. क्रम असा: आधी सावर, ऊन चढायच्या आत पक्षी मिळतील. मग उर्वशी आणि सीता अशोक, शेवटी सावलीत कैलासपती. पाण्याची बाटली, टोपी, वही आणा, दुर्बीण असेल तर तीही. झाडावरचं फूल कुणी तोडायचं नाही, पडलेलं हवं तेवढं उचला. प्रत्येकाने एक झाड निवडून त्याची पानं, कळ्या, फुलं, फळं यांची महिन्यातून एकदा या धाग्यावर नोंद टाकावी. ज्याला जमेल त्याने इथे नाव आणि झाड लिहा.

गिरणगावकर

मी गोरखचिंच घेतो. घरापासून चालत दहा मिनिटं, पावसातही जाता येईल.

मोगरेवाली

माझा सीता अशोक. आणि येताना मोगऱ्याची छाटलेली कलमं आणते, ज्यांना हवी त्यांनी सांगा.

रंकाळा

मला मुंबई जमणार नाही, पण इथल्या कंदीलपुष्पाची नोंद जूनपासून देईन. पहिला कोंब दिसला की फोटो टाकतो.